वऱ्हाडचा न झालेला जलमार्ग आणि गोड्या पाण्यातील नौकावशेष

(१)

बुडालेल्या नौकांचा अभ्यास ही इतिहाससंशोधनाची एक स्वतंत्र शाखा म्हणून गेल्या काही दशकांत मान्यता पावली आहे. १९४३ साली कूस्तो व गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाठीवरील नळकांड्यातून हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले आणि अभ्यासकाला पाण्याच्या तळाशी मोकळेपणाने वावरणे शक्य झाले. १९६० साली जॉर्ज बास यांनी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील गेलिडोन्या भूशिराजवळ ताम्रपाषाणोत्तर कांस्ययुगातील एका नौकेचे उत्खनन केले. जमिनीवरील उत्खननास लागू असणारी शिस्त समुद्रतळाशीही पाळता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. आपल्याकडे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे कार्य चालविले. सुंची खडकानजीक सापडलेल्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज नौकेच्या अवशेषांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफ आणि चिनी मातीची भांडी मिळाली.

ही सर्व उदाहरणे खाऱ्या पाण्यातील आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अशा अभ्यासास काही स्थान आहे काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. वरवर पाहता त्याचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु हा नकार कोठून आला, याचा शोध घेतला असता वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासातील एक विस्मृत प्रकरण आणि मराठी भाषेतील काही अर्थपूर्ण अवशेष हाती लागतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

(२)

गोडे पाणी हे नौकेचे उत्तम रक्षक आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय प्राणी असतो. तो लाकडी नौकेचा उघडा भाग काही वर्षांत नष्ट करतो. गोड्या पाण्यात त्याचा वावर नसतो. उत्तर अमेरिकेतील ऑन्टारिओ सरोवरात ‘हॅमिल्टन’ व ‘स्कर्ज’ ही दोन युद्धगलबते ऑगस्ट १८१३ मध्ये वादळात बुडाली. १९७३ साली सुमारे नव्वद मीटर खोलीवर त्यांचा ठाव लागला, तेव्हा ती तळाशी सरळ बसलेली असून त्यांच्या डोलकाठ्याही उभ्या होत्या. थंडगार व काळोखे पाणी, अल्प प्रवाह आणि कृमींचा अभाव यांचा हा परिणाम होय. म्हणूनच त्या महासरोवरांच्या काठी बुडित नौका पाहण्यासाठी जाणाऱ्यांच्या सहली आखल्या जातात आणि अवशेषांना हात न लावण्याचे नियमही केले जातात.

आपल्या जलाशयांची प्रकृती याहून भिन्न आहे. आपले पाणी उष्ण व गाळाचे असून त्याची पातळी दरवर्षी मोठ्या प्रमाणात चढते-उतरते. लाकडाला आळीपाळीने भिजणे व सुकणे याइतके घातक दुसरे काही नाही. तेव्हा वऱ्हाडच्या नदीत एखादी जुनी नाव बुडाली असती, तरी ती ऑन्टारिओतील गलबतांप्रमाणे टिकली असती असे मानण्यास आधार नाही.

(३)

पण मुळात येथे मोठ्या नावा का नव्हत्या? बुलढाणा जिल्हा हा जलविभाजकावर वसलेला आहे. घाटाखालची पूर्णा पश्चिमेस जाऊन तापीस मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रास पोचते. घाटावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेस जाऊन वर्धेस मिळते. पुढे ते पाणी प्राणहितेवाटे गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यातील पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. नदीचा उगमाकडील भाग मात्र नौकानयनास कोठेही उपयोगी नसतो. येथील नद्या पावसाळ्यात उतार देत नाहीत आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. पैनगंगेच्या खालच्या अंगास तर सहस्रकुंडाचा धबधबा आडवा आहे.

त्यामुळे वऱ्हाडचा कापूस शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून गेला. गंगेकाठचे मिर्झापूर ही त्याची मोठी पेठ होती. १८२५-२६ मध्ये पेस्तनजी विकाजी यांच्या पेढीने मुंबईकडे कापूस रवाना केला, आणि व्यापाराचे तोंड हळूहळू पश्चिमेस वळले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर या कापसाला जलमार्ग मिळवून देण्याची कल्पना पुढे आली. धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. गोदावरी, प्राणहिता व वर्धा यांच्या पात्रांतून आगबोटी वर आणावयाच्या आणि मध्य प्रांत व वऱ्हाड येथील माल थेट पूर्व समुद्रास न्यावयाचा, अशी ही योजना होती. वाटेत खडकाळ खळाळांचे तीन मोठे अडसर होते: दुम्मागुडेम, एंचमपल्ली व देवलमरी. हेग नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्यांना बगल देणारे कालवे व दरवाजे बांधण्याचे काम सुरू झाले. १८६१ नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरचा कापूस तुटला आणि या योजनेस विशेष निकड प्राप्त झाली.

परंतु लोहमार्ग अधिक वेगाने पुढे सरकला. मलकापूर, नांदुरा व शेगावावरून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, वरच्या गोदावरीवरील नौकानयनाची योजना सोडून देण्यात आली. खामगावचा कापूस नावेत चढलाच नाही. आपल्या जिल्ह्यात नौकावशेष नाहीत याचे कारण केवळ भौगोलिक नाही. बुलढाण्याची नदी नाव वाहू शकत नव्हती हे खरे; पण तिच्या खालच्या अंगास जो जलमार्ग तयार होत होता, तो रेल्वेशी चाललेल्या स्पर्धेत हरला हेही तितकेच खरे आहे.

त्याच गोदावरीच्या खालच्या टप्प्यात, पापीकोंडलूच्या डोंगरघळीत, १५ सप्टेंबर २०१९ रोजी प्रवासी नौका बुडून मोठी प्राणहानी झाली. पुराचा वेग आणि पाण्याची खोली यांमुळे ती नौका तळातून काढण्यास ऑक्टोबर उजाडला. किनाऱ्यावरील मच्छीमारांचे अनुभवी पथक आणि पाणबुडे यांच्या साहाय्यानेच ते साधले. नदीतील बुडी ही समुद्रातील बुडीहून सोपी असते, हा समज किती भ्रामक आहे याची या घटनेवरून कल्पना यावी.

(४)

आता भाषेच्या साक्षीकडे वळू. कोकणच्या मराठीत नौकांची नावे विपुल आहेत: गलबत, मचवा, पडाव, शिबाड, गुराब. नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी हे माणसांचे हुद्देही तसेच. वऱ्हाडात यांपैकी फार थोडे शब्द रूढ आहेत. येथला व एकूण विदर्भातला शब्द म्हणजे ‘डोंगा’, एका ओंडक्याची कोरून केलेली होडी. पश्चिम महाराष्ट्रात पूर आला की गुऱ्हाळातील काहीलच नावेचे काम करीत असे. नदी ही वाहतुकीची वाट नसून वाटेतील अडचण होती, म्हणून येथील शब्दसंग्रह ओलांडण्याचा आहे: उतार, पाणवठा, डोह, पैलतीर.

क्रियापदांतही हा भेद दिसतो. समुद्रावरचे तारू ‘फुटते’, नदीतील नाव ‘उलटते’ किंवा ‘बुडते’. खडकावर आदळून फुटलेल्या तारवाचे सांगाडे मागे राहतात. उलटलेली नाव मात्र पूर ओसरल्यावर ओढून काढतात आणि डागडुजी करून पुन्हा वापरतात. गरीब नदीकाठाने लाकूड वाया जाऊ दिले नाही, हेही आपल्याकडे नौकावशेष न उरण्याचे एक कारण असावे.

‘सांगड’ हा शब्द या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. दोन होड्या जोडून, किंवा वाळलेले भोपळे वा ओंडके बांधून केलेला तराफा हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे लाकडांची जोडणी, याच्याशी त्याचा संबंध लावला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात एकसंध ओंडके जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख येतो; तो याच शब्दकुलातील दिसतो. आज बहुतेक मराठी भाषिकांनी सांगड पाहिलेली नाही. पण दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ हा प्रयोग घरोघरी चालतो. वस्तू नाहीशी झाली, तरी तिच्यावरून आलेले क्रियापद राहिले. नौकावशेष नसलेल्या प्रदेशात नौकानयनाचा पुरावा शोधावयाचा तो अशा ठिकाणी.

(५)

बुलढाण्याच्या पाण्याखाली नौका नाहीत. मग काय आहे? लोणारच्या सरोवराचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ‘आईन-इ-अकबरी’त मेहकरच्या वर्णनात त्याचा निर्देश असून, काच व साबण यांस लागणारे क्षार तेथे मिळतात असे म्हटले आहे. पाणी उतरले म्हणजे ‘सासू-सुनेची विहीर’ उघडी पडते आणि चढले म्हणजे कमळजादेवीच्या देवळाच्या पायरीस लागते. परंतु हे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे, आणि २००० सालापासून तो परिसर अभयारण्य आहे. तेथे बुडी मारण्याचा विचार कोणी करू नये.

धरणांची गोष्ट निराळी. मोताळ्याजवळचे नळगंगा, देऊळगाव मही परिसरातील खडकपूर्णेवरचे संत चोखासागर या जलाशयांनी जुनी शिवारे आपल्या पोटात घेतली आहेत. उजनीच्या जलाशयातील पळसदेवचे मंदिर पाणी आटले की दिसू लागते, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. आपल्याकडील बुडित वारसा हा असा आहे: गलबतांचा नव्हे, गावांचा. त्याची पाहणी पाण्याखाली जाऊन करावयाची तर सहल विचारपूर्वक आखावी लागेल. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असल्याने कमरेचे वजन कमी घ्यावे लागते. तीनशे मीटरांहून अधिक उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने समुद्रसपाटीसाठी केलेली बुडीची कोष्टके जशीच्या तशी चालत नाहीत. बुलढाणा शहर सहाशे मीटरांहून उंच आहे. म्हणून घाटाखाली नळगंगेत बुडी मारून लगेच राजूर घाट चढणे हेही शरीरास धोक्याचे आहे. याशिवाय गाळामुळे दिसत नाही, आणि बुडालेल्या झाडांत जाळी अडकलेली असतात. त्यामुळे योग्य काळ उन्हाळ्याचा, आणि पुष्कळदा तेव्हा बुडी मारण्याचीही गरज उरत नाही: पाणी स्वतःच मागे सरलेले असते.

(६)

या विवेचनाचा एक व्यवहार्य निष्कर्ष आहे. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी २००१ साली युनेस्कोने जो करार सिद्ध केला, त्यात किमान शंभर वर्षे, सतत वा अधूनमधून, पाण्याखाली असलेल्या मानवी अवशेषांचा अंतर्भाव होतो. राष्ट्रांना तो आपल्या अंतर्गत जलांनाही लागू करता येतो. म्हणजे आज बुडणारे गाव वारसा म्हणून ओळखले जाण्यास एक शतक लागेल. तोपर्यंत त्याचा उतार कोठे होता, डोहास कोणते नाव होते, होडीला काय म्हणत, हे सांगणारे कोणी उरणार नाही. दगड पाण्याखाली टिकतात. शब्द माणसांबरोबर जातात.

पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाचे काम दीर्घकाळ चालले असून त्यात अनेक गावांचे स्थलांतर व्हावयाचे आहे. गोदावरीच्या फसलेल्या योजनेची माहिती अभियंत्यांच्या अहवालांत उरली, कारण अहवाल लिहिणारे कोणी होते. जिगावच्या बुडित क्षेत्रातील शिवारांची, डोहांची व उतारांची नावे, नदी ओलांडण्याची साधने आणि त्यांचे शब्द यांची नोंद जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी पाणी भरण्यापूर्वी करावी. त्यासाठी पाठीवर हवेचे नळकांडे बांधण्याची आवश्यकता नाही. पूर्णेकाठच्या वृद्धांशी दोन उन्हाळे बोलण्याची तयारी असली म्हणजे पुरे.