पाव मिनिटाचे शीर्षासन

मोबाइलवर योगासनांचे व्हिडिओ शोधले की प्रत्येकावर ‘बिगिनर’, ‘इंटरमीजिएट’, ‘ॲडव्हान्स्ड’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. ती कोणी, कशाच्या आधारावर चिकटवली, हे कळायला मार्ग नसतो. मग आपल्या कुवतीचा व्हिडिओ ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतो आणि त्याचे खापर मोबाइलवर फुटते. ते अन्यायाचे आहे. शिकणारा घरी एकटा आणि शिकवणारा समोर नाही, ही अडचण योग छापखान्यात गेला तेव्हाचीच. आणि तिच्यावर सर्वांत कसून विचार झाला तो मुंबई, लोणावळा, पुणे या एकाच रेल्वेमार्गावरच्या गावांत. त्या विचारातून निघालेले मोजमाप आजच्या चिठ्ठ्यांपेक्षा कितीतरी काटेकोर होते, आणि व्हिडिओ निवडताना तेच हाताशी धरावे, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या ग्रंथांत ही अडचण नव्हतीच. ‘हठप्रदीपिका’ विद्या गुप्त ठेवायला सांगते आणि साधकाला गुरूच्या हवाली करते. आसनांचा सोपे-अवघड असा क्रम तिथे लावलेला नाही. गुरू डोळ्यांसमोर असताना त्याची गरजही नव्हती. 1918 मध्ये योगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली आणि 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले, तेव्हा शिष्य बदलला. आता तो नोकरीधंद्याचा, बायकामुलांचा माणूस होता आणि पुस्तक उघडून सतरंजीवर बसणार होता. कुवलयानंद बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत घडलेले, शिवाय रक्तदाब आणि क्ष-किरणांनी योगक्रिया तपासणारे. आसनाकडे ते औषधाच्या मात्रेसारखे पाहत. शीर्षासन पाव मिनिटापासून सुरू करा, आठवड्याला अर्धा मिनिट वाढवा, बारा मिनिटांवर थांबा, असा त्यांचा हिशेब. म्हणजे पूर्ण मात्रेला पोचायला साडेपाच महिने! कानाडोळ्यांची दुखणी किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी काय टाळावे, हेही ते सांगत. इथे ‘पातळी’ म्हणजे माणसाची जात नव्हे. किती वेळ आणि कोणी करू नये, एवढाच तिचा अर्थ.

पुण्यात ही मोजणी दुसऱ्या अंगाने पुढे गेली. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून शिकवायला आले ते इथलेच झाले. 1966 मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. मराठीत ते ‘योगदीपिका’ म्हणून वाचले जाते. त्यात आसनाच्या नावापुढे अवघडपणाचा एक आकडा आहे. ताडासनाला 1, त्रिकोणासनाला 3, आणि उभ्यानेच मागे वाकून घोटे पकडायच्या तिर्यङ्‌मुखोत्तानासनाला 60. शेवटी आठवड्यांनुसार आखलेला क्रम आहे, तो 300 आठवड्यांचा. तीन आकड्याचे त्रिकोणासन कसे सांगितले आहे पाहा: पायांत तीन-साडेतीन फूट अंतर, उजवे पाऊल नव्वद अंशांत, उजवा तळहात घोट्याजवळ, आणि जमलेच तर जमिनीवर. ‘जमलेच तर’ यातच सगळी मेख आहे. व्हिडिओतली शिक्षिका सरळ जमिनीला हात लावते; बघणाराही लावतो, गुडघा वाकवून.

यावर कोणी म्हणेल, छापील चित्र निर्जीव असते. हालचाल कशी सुरू होते, श्वास कुठे सोडायचा, हे पडद्यावरच दिसते. खरे आहे. पण दिसणे म्हणजे शिकवणे नव्हे. अय्यंगारांचे गुरू कृष्णमाचार्य यांचा 1938 चा मूक चित्रपट पाहिला तर थक्क व्हायला होते. तरुण अय्यंगारही त्यात आहेत. ते प्रात्यक्षिक होते, धडा नव्हता, आणि आजचे निम्मे व्हिडिओ मला त्याच वंशाचे वाटतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अय्यंगारांचे आकडे एका विलक्षण लवचिक शरीरावर बेतलेले. ज्या पुस्तकात सर्वांगासनाला 2 आकडा पडतो, त्याची मोजपट्टी चाळिशीतल्या कारकुनाच्या मानेला कशी लागू पडावी? हेही मान्य. पण त्याची दुरुस्ती पुण्यातच झाली. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, घोंगड्यांच्या घड्या यांचा आधार देऊन तेच आसन कडक शरीराच्या आवाक्यात आणायची रीत अय्यंगारांनीच वाढवली. मोजपट्टी चुकली म्हणून त्यांनी मोजणे सोडले नाही. चिठ्ठ्या लावणाऱ्यांनी मात्र मोजणेच सोडून दिले.

म्हणून व्हिडिओ निवडताना मथळ्यावर जाऊ नका. एकदा नुसता बसून पाहा, हातपाय न हलवता. किती वेळ थांबायचे ते तो सांगतो का, कोणी करू नये ते सांगतो का, आणि हात जमिनीला पोचला नाही तर कुठे ठेवायचा हे दाखवतो का? नसेल, तर त्यावर ‘बिगिनर’ लिहिलेले असो वा नसो, तो पुढे ढकला. आणि ‘तीस दिवसांत ॲडव्हान्स्ड’ असे कोणी म्हणाले, तर अय्यंगारांचे 300 आठवडे आठवा. ती पावणेसहा वर्षे होतात.