वाळवटीचे सहा आणे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी घोडेगावहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे थोरल्या घरातला माझा चुलत-चुलत भाऊ. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अगं, वाळवटीचं काय ठरलं तुमचं? द्यायची असली तर आम्हालाच द्या बाई, बाहेरच्याला नको."

वाळवट म्हणजे आमचं नदीकाठचं वावर. घोड नदीच्या वळणावर, आतल्या बाजूला. विकायचं म्हटलं तर आता माझीही सही लागते. २००५ च्या कायद्यानं लेकींना दिलेला हक्क कागदावर कधी वापरायला लागेल असं वाटलं नव्हतं, पण वेळ आली खरी. सही करण्याआधी म्हटलं, ही जमीन आहे तरी काय ते एकदा समजून घेऊ. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय. घरातली मंडळी वाचतात हे माहीत आहे, म्हणून जरा जपूनच. :)

आधी आमच्या घरातली कहाणी. आजोबा दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा थोरल्यांनी काळं वावर घेतलं आणि धाकट्याच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पदरात वाळवट टाकली. "थोरल्यांनी सोनं घेतलं, आम्हाला वाळू दिली," हे वाक्य मी आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की ते मला बाराखडीसारखं पाठ आहे. लग्नाकार्यात थोरल्या घराशी बोलताना मनात कुठेतरी ती वाळू खुपायचीच.

तर, वाळू. आपला दख्खन बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा काळा दगड कुजला की त्याची प्रामुख्यानं चिकणमाती होते, वाळू नव्हे. म्हणून आपल्याकडे काळी जमीन आहे, तांबडी आहे, मुरमाड बरड आहे, पण खरी रेताड जमीन दोनच ठिकाणी मुख्यत्वे भेटते: कोकणच्या किनाऱ्यावर पुळणीत, नाहीतर नदीनं आणून टाकलेली. आमची वाळवट दुसऱ्या प्रकारातली. घोड नदी आहुप्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते आणि घोडेगावाजवळून पुढे भीमेकडे जाते. पुराच्या पाण्याचा जोर वळणाच्या आतल्या बाजूला कमी होतो. जड खडेवाळू तिथे पडते, बारीक गाळ पाण्याबरोबर पुढे जातो. शेकडो वर्षं हेच चालत आलं आणि त्याचं झालं वावर.

नदीकाठच्या अशा थरांना कमी लेखू नये बरं का! शेजारच्या जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडीच्या काठच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीची, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. काही असो, नद्या हिशेब ठेवतात एवढं नक्की.

आता या जमिनीचा गुण म्हणा, दोष म्हणा. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात निचऱ्याप्रमाणे जमिनीच्या सात पायऱ्या केल्या आहेत. एका टोकाला पाणी हटता हटत नाही अशी दलदल, आणि दुसऱ्या टोकाला आमच्या वाळवटीसारखी, निचरा गरजेपेक्षा जास्त असलेली जमीन. "निचरा चांगला" हे कौतुक आपण नेहमी ऐकतो, पण चांगल्याचाही अतिरेक होतो. वाळूचा कण ०.०५ ते २ मिलीमीटरचा, चिकणमातीचा ०.००२ पेक्षाही बारीक. वाळूच्या कणांमधल्या फटी मोठ्या, त्यामुळे पाणी स्वतःच्या वजनानंच खाली सटकतं. चिकणमातीत फटी इतक्या बारीक की पाणी कणांना चिकटून बसतं. वाळूत तासाला ३० मिलीमीटरपेक्षा जास्त पाणी मुरतं, चिकणमातीत जेमतेम १ ते ५.

मी एक साधा हिशेब करून पाहिला. एक मीटर खोल वाळूत पिकाला मिळू शकेल असं पाणी ढोबळमानानं ६० ते ८० मिलीमीटर, काळ्या जमिनीत १८० ते २००. आमची वाळवट हातभर खोल, म्हणजे दीड फूट. खाली नुसते गोटे. तिच्यात साधारण ३० मिलीमीटर पाणी राहणार. थोरल्यांचं काळं वावर सव्वा हात, त्यात शंभर तरी. भर वाढीतलं पीक दिवसाला ५ मिलीमीटर पाणी पितं असं धरलं, तर पावसानं ओढ दिल्यावर आमचं पीक सहा दिवस तग धरणार आणि त्यांचं वीस दिवस.

सहा आणि वीस. आजीच्या वाक्याला आकडे मिळाले म्हणून मला जरा बरंच वाटलं. पण मग जमिनीच्या प्रतीचा इतिहास वाचायला घेतला आणि गडबड झाली.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला सारा ठरवायचा होता. १८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. त्याची कल्पना अशी की प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर झकास. प्रत्यक्षात आकडे चुकले, हाताखालच्यांनी हात धुऊन घेतले, सारा भरमसाट झाला आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ च्या आसपास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं सुरुवात केली. उत्पन्नाच्या भानगडीत न पडता त्यांनी थेट माती पाहिली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली.

पद्धत मोठी गमतीची आहे. वावराचे नकाशावर भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून खोली हातांनी मोजायची. मातीच्या तीन जाती. पहिली बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी. दुसरी जरा भरड, बहुधा तांबडी. तिसरी खडीची नाहीतर सुटी, भुसभुशीत, फिकट रंगाची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, आणि तिथून खाली उतरत दोन आण्यांपर्यंत एकूण नऊ प्रती. वर दोषांच्या खुणा वेगळ्या: चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, पाणी साचणं वगैरे. एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली.

तिसऱ्या जातीच्या मातीला मात्र कितीही खोल असली तरी सहा आण्यांच्या वर जाता येत नाही! वाळवट जन्मतःच सहा आण्यांची.

मग मी दोन्ही घरांचे सातबारे काढले. सातबाऱ्यावर आणे नसतात, पण "आकार" असतो आणि तो या प्रतबंदीतूनच आलेला. काळ्या वावराचा एकरी आकार वाळवटीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. तक्त्यात बसवलं तर बारा आणे आणि सहा आणे, अगदी शोभेल असं. आणि मग क्षेत्र पाहिलं. थोरल्यांकडे सव्वादोन एकर. आमच्याकडे साडेचार.

मी दोनदा बेरीज केली. दोन्ही घरांचा एकूण आकार जवळजवळ सारखा आहे.

म्हणजे थोरल्या आजोबांनी फसवलं नव्हतं. कुणीतरी, बहुधा पंच म्हणून बसलेल्या जाणत्यांनी, आकार समोर ठेवून चोख वाटणी केली होती. दुप्पट जमीन मिळाली हे आजीनं कधी सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ती जमीन नव्हतीच, वाळू होती. आणि आम्ही कधी विचारलं नाही.

पण थांबा, आजीही खोटं बोलत नव्हती. तो सहा-वीसचा हिशेब आठवा. साऱ्याचा आकार ठरतो तो सरासरीवर. बऱ्या पावसाच्या साली साडेचार एकर वाळवट सव्वादोन एकर काळीच्या तोडीस तोड पिकली असेलही. उलट झड लागली की काळीत पाय रुतायचा, वाफसा यायला आठवडा लागायचा, आणि वाळवटीत दुसऱ्या दिवशी औत चालायचं. पण पावसानं पंधरा दिवस दडी मारली तर काळीत निम्मं तरी हाती लागणार आणि वाळवटीत चाराही नाही. सरासरी सारखी, पण एकाच्या ताटात रोज भाकरी आणि दुसऱ्याच्या ताटात एक दिवस पुरणपोळी, एक दिवस उपास. आण्यांच्या तक्त्यात उपासाला रकाना नव्हता.

हा उपास आमच्या घरी १९७२ ला आला. दुष्काळात आजोबांनी वाळवट तशीच सोडली आणि मुंबई गाठली. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवत आली आहेत. डोक्यावर लाकडी पाटी घेऊन आजोबाही त्यांच्यात मिसळले. थोरले गावात राहिले. त्यांच्या काळ्यानं कसंबसं का होईना, तगवलं. वडील मुंबईत शिकले, मी पुण्यात वाढले आणि आज हे टंकत बसलेय, त्याचं कारण हातभर मातीतून सहा दिवसांत निघून गेलेलं पाणी. आम्हीही त्या वाळूतून निचरूनच इकडे आलो म्हणायचं.

वाटण्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. हो, तेच ते, आता इमारतीच इमारती असलेलं. तिथे १७७१ च्या सुमारास सरासरी ४० एकरांचं असलेलं खातं १९१५ पर्यंत ७ एकरांवर आलं होतं. आमचे साडेचार एकर आता वडील आणि दोन आत्यांत, मग आम्हा नातवंडांत. आणखी एक वाटणी झाली की सहा आण्यांचे आठ पैसेही उरायचे नाहीत.

दरम्यान नदीही बदलली. वर डिंभे धरण झालं. महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव त्या जलाशयाला आहे. जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव पाण्यात आणि तालुक्याचा कारभार घोडेगावात. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्यापुढे आमचा काळ्या-वाळूचा तंटा काढायचीही लाज वाटावी.

आणि आता त्या सहा आण्यांच्या जातीचेही दिवस फिरलेत. आपल्याच तालुक्यातलं सातगाव पठार पाहा. पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध. बटाट्याला पाणी साचलेलं सोसत नाही, तो कुजतो. त्याला हवी मोकळी, निचऱ्याची जमीन. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मध्यभागी अशीच मोठी वाळवट आहे. एके काळी तिथले शेतकरी शेती सोडून गेले होते, पुढे सिंचन आलं आणि तिथं बटाट्याचं मोठं आगर झालं. मात्र तिथल्या विहिरींत नायट्रेटही उतरलं, कारण वाळू पाणी धरत नाही तशी खतही धरत नाही. वरून घातलेला युरिया खाली आपल्याच विहिरीत. तेव्हा थोडं थोडं पाणी, थोडं थोडं खत, ठिबक, भरपूर शेणखत, आणि जमल्यास तळ्याचा गाळ आणून घालायचा. वाळूला चिकणमातीची जोड दिली की तीही पाणी धरायला शिकते.

हे सगळं दादाला माहीत आहे. म्हणून तर तो वाळवट मागतोय. बाहेरच्याला ती हवी आहे नदीच्या देखाव्यासाठी. त्याच्या लेखी ती सहा आण्यांची नाही आणि सोळा आण्यांचीही नाही. तो माती बघतच नाहीये, तिच्यावर फरशी घालणार आहे.

परवा मी दादाला फोन केला. साडेचार एकर आणि सव्वादोन एकर, सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडं उलटंच सांगायचे गं. धाकट्यानं दुप्पट जमीन घेतली आणि टाकून मुंबईला गेला."

दोन्ही घरं पन्नास वर्षं एकमेकांवर रुसलेली, आणि दोघांचा आकार सारखा!

तर माझ्यापुरतं ठरलं. विक्रीच्या कागदावर मी सही करणार नाही. दादानं वाळवट कसावी, हिशेब जमेल तसा करू, बटाटे तेवढे पोचवावेत. आत्यांशी या रविवारी बोलायचंय. त्यांच्या सह्या त्यांच्या, त्यांना अडचण असेल तर तीही ऐकायला हवी. पण बोलण्याआधी त्यांनी हे वाचावं म्हणून घाईघाईनं लिहिलं.

आणि आजीचं ते वाक्य मुलांना सांगायचं नाही, असंही ठरवलंय. सांगायचंच झालं तर आकड्यांसकट.