लाल मिलो आणि पिवळा मका

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला, की माझ्या वयाची माणसं आधी मिलोविषयी बोलतात. लालसर, जाड सालीची, पोत्याचा कुबट वास येणारी ती अमेरिकन ज्वारी. पिंपळनेरला रेशन दुकानासमोर तिच्यासाठी रांग लागायची आणि घरी आणल्यावर तिच्या नावानं बोटं मोडली जायची. पिठाला चिकटपणा नाही, त्यामुळं भाकरी थापताना कडा फाटत. आम्हा खानदेशी माणसांना ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरीची सवय. माझी आई मिलोतही मूठभर उडीद घालून पाहायची, म्हणजे तेवढे उडीद घरात असले तर. शेजारच्या आजीबाई भाकरी उलटीपालटी करून विचारायच्या, ‘‘हाई भाकर शे का ईट?’’ मी तेव्हा सहावीत होतो आणि मला त्या प्रश्नाचं हसू यायचं.

पुढं इतिहास शिकवायला लागल्यावर लक्षात आलं, की मिलोनं आमच्या आठवणीत जरा जास्तच जागा अडवली आहे. अमेरिकेनं जनावरांचं खाद्य आपल्याला भीक म्हणून दिलं आणि ते खाऊन आपण जगलो, अशी एक कहाणी खेडोपाडी तयार झाली. त्यातलं एवढं खरं, की अमेरिकेत ही ज्वारी मुख्यतः जनावरांसाठीच पिकते. पण ती भीक नव्हती. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाच्या युद्धावरून अमेरिकेनं भारताची मदत थांबवली होती. पीएल ४८० या नावानं येणारा सवलतीचा गहू त्याआधीच संपत आला होता. १९७२ चा पाऊस गेला, तेव्हा भारताला परदेशी धान्य बव्हंशी रोख पैसे मोजून घ्यावं लागलं, आणि तेही नेमकं अशा वर्षी, की सोव्हिएत रशियानं अमेरिकेतून प्रचंड खरेदी केल्यामुळं जगात गव्हाचे भाव भडकले होते. स्वस्तात मिळालं ते मिलो. जाता जाता आणखी एक. मिलोबरोबर गाजर गवत आलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते गवत पुण्यात १९५५ सालीच नोंदवलं गेलं होतं, मिलो येण्याच्या सतरा वर्षं आधी. आधीच्या एखाद्या परदेशी गव्हाच्या पोत्यातून ते आलं असेलही. पण बिचाऱ्या मिलोवर तो आळ नको.

मग आम्हाला वाचवलं कुणी? ह्या प्रश्नासाठी थोडं मागं, म्हणजे त्याआधी बहात्तर वर्षं जावं लागतं. पण आधी गावाची ओळख करून देतो.

धुळ्याहून साक्रीमार्गे पश्चिमेला गेलं, की पांझरेच्या काठी पिंपळनेर लागतं. इंग्रजांच्या काळात इथल्या तालुक्याचं नावच पिंपळनेर होतं. साक्री हे नाव नंतरचं. गावाच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतो, चरणमाळचा घाट, त्यापलीकडं नवापूर आणि गुजरात. तिकडं कोकणी आणि भिल्लांची वस्ती, भात-नागली, बऱ्यापैकी पाऊस. पूर्वेला साक्रीकडं सरकावं तसा पाऊस आटत जातो. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फडाची पद्धत आहे. गावाची जमीन फडांत वाटायची, पाणी पाळीनं फिरवायचं, पाटकऱ्यानं ते राखायचं. पाणी कमी त्या वर्षी भिजणाराही फड कमी. इतकी शहाणी व्यवस्था असूनही नदीलाच पाणी नाही म्हटल्यावर फड काय करणार? आणि डोंगराकडं तर फडही नाही. अव्वल इंग्रजीतल्या अधिकाऱ्यांनी पिंपळनेर-नवापूरकडची हवा रोगट म्हणून लिहून ठेवली आहे. साहेबाला नको असलेला मुलूख, असा त्याचा साधा अर्थ. त्याचे परिणाम दुष्काळात दिसले.

१८९९ साली पाऊस गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. आपल्या सीमेवरही हा शब्द ऐकू येतो. सरकारकडं तोवर दुष्काळाची संहिता होती. १८८० च्या आयोगानंतर ती तयार झाली आणि कागदावर ती वाईट नव्हती. काम करू शकेल त्याला काम, करू शकत नाही त्याला अन्न. पण मुंबई सरकारचा जीव पैशात अडकलेला. कामं मोठी आणि थोडक्या ठिकाणी, म्हणजे देखरेख स्वस्त पडते. तळ्यावर किंवा रस्त्यावर हजारो माणसांच्या छावण्या. जेवढं काम तेवढी मजुरी. उपासानं खंगलेल्या माणसाची माती कमी भरली की त्याची मजुरीही कमी, मजुरी कमी म्हणून पोटात कमी, आणि दुसऱ्या दिवशी माती आणखी कमी. छावण्यांत पटकीची साथ शिरली, की माणसं पळत सुटत.

भिल्ल तर तिथं जायलाच तयार नव्हते. घर, डोंगर, देव सोडून अनोळखी छावणीत, परक्या मुकादमाच्या शिव्या खात राहायचं, त्यापेक्षा रानातले कंद खणावेत. एरवीच्या तुटीच्या वर्षी कंद, मोहाची फुलं, रानभाज्या ह्यांवर डोंगर निभावतोही. छप्पनच्या साली रानही सुकलं होतं, आणि त्यातलं पुष्कळ रान तोवर सरकारी राखीव झालेलं. मदत नाकारून माणसं घरीच मेली. दुष्काळानंतर अँटनी मॅकडॉनेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ चा आयोग बसला. त्यानं मुंबई सरकारच्या कडकपणावर बोट ठेवलं आणि सांगितलं, की संकटाच्या आरंभीच लोकांना धीर येईल असं काही करायला हवं. आदिवासींसाठी त्यांच्या घराजवळ, त्यांना जमतील अशी जंगलातली कामं काढावीत, हा विचारही त्या अनुभवातूनच आला. एवढं कळायला एक आख्खा मुलूख उपाशी मरावा लागला.

जगानं तेव्हाही मदत केली होती, आणि ती अगदी निखळ दान होती. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ ह्या साप्ताहिकानं वाचकांकडून मका गोळा केला, आणि १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचं जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका, म्हणजे जवळपास पाच हजार टन, घेऊन मुंबईकडं निघालं. वाहतुकीचा खर्च अमेरिकन सरकारनं उचलला. मका मिशनऱ्यांच्या हातून दुष्काळी भागात वाटला गेला. कुठल्यातरी अमेरिकन शेतकऱ्यानं, ज्यानं हिंदुस्थान नकाशावरही पाहिला नसेल, आपल्या कणगीतून टोपलीभर मका काढून दिला, ह्या गोष्टीचं मोल मी कमी मानत नाही. पण सारं धान्य बंदरापर्यंत आणि फार तर रेल्वेच्या स्टेशनापर्यंत पोचतं. पिंपळनेरला रेल्वे आजही नाही. दुष्काळात माणूस मरतो तो शेवटच्या दहा-वीस मैलांत.

ह्याच्याही तीन वर्षं आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, टिळकांनी वेगळी वाट धरली होती. ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी त्यांनी दुष्काळाची संहिता मराठीतून शेतकऱ्यांपर्यंत नेली. सूट मागणं, काम मागणं ही याचना नाही, हा सरकारनंच केलेला नियम आहे, हे त्यांचं सांगणं. सरकार इतकं बिथरलं, की त्यानं १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. अन्नाचं दान देणाऱ्याला कुणी अडवलं नाही. अन्नाचा नियम वाचून दाखवणाऱ्याला अडवलं.

आता बहात्तरकडं परत येऊ. १९७० पासून पाऊस ओढत होता, १९७२ ला त्यानं पुरतंच तोंड फिरवलं. विहिरी तळाला गेल्या, गुरं मातीमोल विकली गेली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि ती अशी गावोगाव, की निघालेलं माणूस सहसा संध्याकाळी घरी परतू शकेल. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यांची मातीकामं आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं ह्या कामांवर होती. त्यांत निम्म्याच्या आसपास बाया. दिवसाला दोन-तीन रुपये सुटायचे. कामावर सुकडी वाटली जायची. मुलं सुकडीसाठी आईच्या मागं कामावर जात. त्या काळात ‘मस्टर’ हा शब्द आमच्या भागातल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक झाला. मस्टरवर नाव आहे का, एवढा एकच प्रश्न घराघरात.

हे सगळं गोमटं होतं असं मुळीच नाही. पगार आठवडे आठवडे लांबायचा. मोजमापात मारलं जायचं. मस्टरवर खोटी नावं असायची. फोडलेल्या खडीचे ढीग पुढं कित्येक वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते, त्यांवर आम्ही घसरगुंडी खेळलो. तरीही त्या दोन-तीन रुपयांनी एक फार मोठं काम केलं. हातात पैसा आला म्हणून बाजारात धान्य आलं. धान्याच्या वाहतुकीवर राज्याराज्यांत बंदी होती, तरी शेजारच्या राज्यांतून ज्वारी-बाजरी यायचीच. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर व्यापारी वाट काढतो. रेशनवरचा मिलो हा त्यातला एक हिस्सा, आणि परदेशी संस्थांची मदत पन्नास लाखांच्या हजेरीपटापुढं लहानच. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन ह्यांनी १९८९ च्या पुस्तकात एक तुलना मांडली आहे. त्याच वर्षांत आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता. माणशी धान्याचं उत्पादन महाराष्ट्रात साहेलपेक्षाही खाली गेलं होतं, तरी तिकडच्यासारखे भूकबळी इथं पडले नाहीत. जनावरं मेली, पोरं हडकली, कर्जं झाली; पण १९०० साल पुन्हा आलं नाही.

लोकांनी मागायलाही कमी केलं नाही. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना ह्यांच्या मागं भिल्ल उभे राहिले होते. तिथं दुष्काळी काम आणि मजुरी ह्यांसाठी मोर्चे निघाले, त्यांत बाया पुढं होत्या. ज्यांचे आजे-पणजे छावणीला भिऊन डोंगरात मेले, त्यांच्या नाती-पणत्या ‘काम द्या’ म्हणत कचेरीवर गेल्या. ह्या सत्तर वर्षांतला खरा बदल मला विचाराल तर हा आहे. धान्याचा रंग पिवळ्याचा लाल झाला हा नव्हे.

वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळानंतर त्या कल्पनेला धार आली. १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापायचे आणि त्यातून खेड्यातल्या कामाला पैसा द्यायचा. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये केंद्रानं त्याच वाटेनं देशभराचा कायदा केला. पगारपत्रकातली ती छोटीशी रक्कम पाहून कपाळाला आठी घालणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. ती पिंपळनेरच्या दुष्काळातून निघाली आहे, हे त्यांना सांगितलं की ते चक्रावतात. ‘क्विटो’वरचा मका देणाऱ्याच्या मर्जीवर होता. हा कर मर्जीवर नाही.

डोंगराकडंही काही वेगळं घडलं. पिंपळनेरच्या जवळ बारीपाडा हा कोकणी आदिवासींचा पाडा आहे. गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून आपलं जंगल राखलं, पाणी अडवलं. ते काम उभं करणारे चैत्राम पवार ह्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथं रानभाज्यांचा महोत्सव भरतो. छप्पनच्या साली ज्या कंदांवर माणसं तग धरू पाहत होती, तसले कंद तिथं शहरातून आलेली पाहुणेमंडळी कौतुकानं चाखतात.

पण साऱ्याच पाड्यांना बारीपाडा होता आलेलं नाही. दिवाळी झाली, की साक्री-नवापूरकडून ट्रक भरून माणसं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जात. बार्डोलीच्या उसात राबणाऱ्या ह्या खानदेशी तोडकऱ्यांवर यान ब्रेमन ह्या डच अभ्यासकानं १९७० च्या दशकापासून लिहिलं आहे, म्हणजे रोजगार हमी नुकतीच सुरू झालेली असतानाच. हमीचं काम असताना जाता कशाला, असं मी एकदा आमच्याकडच्या एका तोडकऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, मुकादम उचल आधी देतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हाच देतो. तुमच्या मस्टरचा पैसा कधी येईल ते सांगा, मी थांबतो.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)