डोंगर उतरल्यावर पायी बघायचं शहर

शेगावात राहणाऱ्याला पायी चालण्याचं कौतुक सांगावं लागत नाही. गजानन महाराजांची पालखी दरवर्षी इथून पंढरपूरला पायीच जाते. तरी सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की आपण आधी गाडी ठरवतो. या दिवाळीत आम्ही तिघे शिक्षक आणि सातवीतली माझी मुलगी चिखलदऱ्याला गेलो, तीन दिवस डोंगर तुडवला, गाविलगड पाहिला. उरलेले दोन दिवस एखाद्या जुन्या शहरात घालवायचे होते. अट एकच, जे बघायचं ते चालत बघता आलं पाहिजे.

डोंगराच्या पायथ्याशी अचलपूर आहेच. गाविलगडाच्या दरवाजावर हत्ती पकडलेला गंडभेरुंड कोरलाय, ती इमादशाहीची खूण, आणि इमादशाहीची राजधानी म्हणजे हे अचलपूर, जुनं एलिचपूर. पण वऱ्हाडातल्या माणसाचं तिथे जाणं-येणं असतंच. औरंगाबादचं नाव निघालं. मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास वसवलेलं ते खडकी गाव दरवाजे बघत फिरायला छान आहे, पण मकबरा एका टोकाला, दौलताबाद दूर, वेरूळ त्याहून दूर. म्हणजे पुन्हा गाडी. मी बऱ्हाणपूर सुचवलं. आता ते मध्य प्रदेशात असलं तरी बाजारात मराठी सर्रास चालते, आणि शेगावहून भुसावळला गाडी बदलली की पोहोचलो.

खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंही एक कारण होतं. मुलगी आठवीला संस्कृत घेईन म्हणतेय. आमच्याकडच्या काहींनी नाकं मुरडली, तिच्या वर्गातल्या एका मुलीनं "तुला कशाला?" असं विचारलं. मी रोज उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे भाषेला धर्म चिकटवला की मला चीड येते. घरात बोलून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशच्या नसीर खान फारुकीनं तापीच्या काठी हे गाव वसवलं. नाव दिलं खुलदाबादला चिरनिद्रा घेत असलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफींचं. समोरच्या काठावरचं जैनाबाद झालं जैनुद्दीन शिराजींच्या नावाचं. नदीकाठी किल्ला, किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जामा मशीद, मशिदीभोवती बाजार. शनवारा, इतवारा ही दरवाजांची नावंच वारांची, म्हणजे आठवडी बाजाराची. ज्या काळात बहुतेक लोक पायीच हिंडत, त्या काळातलं हे गाव. त्यामुळे अंतरं पायांच्या हिशोबानं पडली. तट मात्र उशिरा आला. 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं बाहेरचा श्रीमंत बहादुरपुरा लुटला, आणि निजाम-उल-मुल्कनं तट बांधला तो 1731 मध्ये! पेठा लुटल्या गेल्यावर पन्नास वर्षांनी. सरकारी काम तेव्हाही असंच चालत असावं.

चालायला शहर सोपं आहे असं मी म्हणणार नाही. फुटपाथ नावालाच, गल्लीत मोटारसायकली, आणि घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट. पण तो खडखडाटही ऐकण्यासारखा. सतराव्या शतकात तॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं नोंदवलंय. विणकरांचं गाव अजून विणतंय. थकलो तिथे मावा जिलेबी खाल्ली, मग पुढे.

आता मशीद. फारुकींपैकी राजा अली खान म्हणजे आदिलशाह फारुकी यानं ती बांधली. तिथे अरबी शिलालेख आहे, आणि त्याच मशिदीत संस्कृत शिलालेखही आहे. नंतर कुणी गुपचूप खोदलेला नव्हे, बांधणाऱ्या सुलतानाच्याच काळातला. शके 1511, म्हणजे 1590 च्या जानेवारीतला. सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून होते, पुढे फारुकी राजांची वंशावळ, आणि मग मुहूर्त लिहावा तशी संवत्सर, महिना, तिथी, नक्षत्रापर्यंतची काळगणना. अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर त्याचा फारसी लेखही इथेच कोरला गेला. एका मशिदीत तीन भाषा. सुलतानाला यात काही वावगं वाटलं नाही, त्याच्या मौलवींनाही वाटलं नसावं, नाहीतर दगड एवढी वर्षं जागेवर राहिला नसता. हे सौहार्दाचं प्रदर्शन होतं असंही मला वाटत नाही. रयत जी भाषा मानाची समजते तिच्यात आपलं नाव कोरून ठेवावं, एवढा साधा राजकारणी हिशोब त्यात असेल. मला तो हिशोबच जास्त आवडतो.

अरबी अक्षरं मी लावून दाखवली. दुसऱ्या लेखाशी मुलगी बराच वेळ थांबली. जुनं वळण, झिजलेला दगड, तिला तीन-चार अक्षरं जेमतेम लागली. "अब्बा, हे तर आपलंच बाळबोध आहे की," एवढंच म्हणाली.

दुपारी किल्ल्यातला हमाम पाहिला, छतावरचे रंग अजून शिल्लक आहेत. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ताबूत आग्र्याला निघालं. ताजमहाल तिकडे उभा राहिला. इकडे आहूखान्यात पडक्या भिंती आणि गवत.

दुसऱ्या दिवशी मात्र अट मोडावी लागली. कुंडी भंडारा शहराबाहेर आहे. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात आणलं, इराणी पद्धतीनं, ओळीनं विहिरीसारख्या कुंड्या खोदून. तिथपर्यंत ऑटो केला. परत येताना मात्र, कुंड्यांची तोंडं जिथे-जिथे दिसली तिथे मोजत, शहराकडे चालतच आलो. मोजणी मुलीनं ठेवली, वहीच्या मागच्या पानावर.