नव्या वाद्यांवरील दशावतार

दशावतारांची कथा आपल्याकडे देवळांतील दगडांवर कोरली गेली, सावंतवाडीच्या गंजिफांच्या गोल पानांवर रंगली आणि कोंकणांत झांजांच्या साथीनें रात्र रात्र रंगभूमीवर उभी राहिली. तीच कथा मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या वाद्यवृंदानें सन २०१७ मध्यें विजेच्या गिटारांवर मांडली. 'दशावतार' हेंच त्या ध्वनिमुद्रित संचाचें नांव. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणीं. या संचाचा मी चाहता आहें. आणि वाशीसारख्या गांवीं राहणाऱ्या, साठी उलटलेल्या शिक्षकानें असें म्हणावें, याचें कारण सांगणें प्राप्त आहे.

या संगीतास 'मेटल' म्हणतात. त्याचा उगम सन १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीपाशीं सांपडतो. पुढें त्यास अनेक शाखा फुटल्या. त्यांपैकीं 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे प्रयोगशील, शाखेंत एकाच गाण्यांत लय वारंवार पालटते, आणि कित्येकदां सबंध संच एका कथासूत्रांत ओंवलेला असतो. साहिल मखिजा यांनीं सन २००० मध्यें स्थापिलेल्या मुंबईच्या या वृंदाचा मूळ पिंड अधिक उग्र अशा 'डेथ मेटल'चा. पण प्रस्तुत संचाची रचना या प्रयोगशील शाखेच्या जवळची आहे.

प्रथम श्रवणीं गायकाची घोगरी गर्जना कानांस सोसत नाहीं. तथापि खांब फोडून प्रगटलेल्या नरसिंहानें कोणत्या सुरांत बोलावें? आपले कीर्तनकारही त्या प्रसंगीं आवाज कोमल ठेवीत नाहींत. दोन्ही पायांनीं वाजविलेल्या ढोलांचा अखंड मारा तेथें शोभतो. मात्र हाच गायक सुरेल गळाही वापरतो; राम आणि कृष्ण यांच्या वांट्यास तो अधिक यावयास हवा होता.

परंतु खरा प्रश्न नवव्या गाण्याचा. त्याचें नांव 'बुद्ध'. बुद्धास अवतारमालिकेंत गोंवणें ही जुनी पौराणिक रीत. बाराव्या शतकांत जयदेवकवीनें तीच स्वीकारली. महाराष्ट्रांत तर नवव्या स्थानीं विठ्ठलही दाखविला जातो. उलटपक्षीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अनुयायांस दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकीं पांचवी प्रतिज्ञा, बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाहीं, अशी आहे. ती जपणाऱ्या घरांत हें गाणें निराळ्या कानांनीं ऐकलें जाईल.

या वादाचें मूळ किती खोल आहे, हें आमच्याच जिल्ह्यांतील तेर येथें दिसतें. तेथील त्रिविक्रमाचें, म्हणजे वामनावताराचें, विटांचें मंदिर मागील बाजूस अर्धगोल आहे. मूळचें तें बौद्ध चैत्यगृह असावें, असें अनेक पुराणवस्तुशास्त्रज्ञांचें मत आहे. वास्तु तीच राहिली, आंतील दैवत पालटलें. एका धर्मानें दुसऱ्यास आपलेंसें केलें म्हणावें कीं गिळलें म्हणावें, हें पाहणारा कोठें उभा आहे त्यावर ठरतें.

म्हणून या वृंदानें दहा नांवांची प्रचलित यादी जशीच्या तशी ठेविली, हा मी त्याचा उणेपणा समजतों. लय पालटण्याचें धाडस ज्यांनीं दाखविलें, त्यांनीं यादीसही एकदां प्रश्न विचारावयास हवा होता. तरीही हा संच क्रमानें, एका बैठकींत ऐकावा, अशी माझी शिफारस आहे. जुनी कथा नव्या पिढीच्या वाद्यांवर चढते, तेव्हां तिच्या जुन्या गांठीही बरोबर येतात. त्या सोडविण्याचें काम वादकांचें जेवढें, तेवढेंच आपणां ऐकणाऱ्यांचेंही आहे.