स्कायरेडर : एक विमान, अनेक ध्वज

जेट विमानांचे युग उंबरठ्यावर असताना जन्माला आलेले पंख्याचे विमान फार काळ टिकू नये, हेच स्वाभाविक होते. अमेरिकेच्या डग्लस कंपनीच्या ‘ए-१ स्कायरेडर’ने मात्र हा अंदाज खोटा ठरविला. एड हाइनमन यांनी आखलेले हे एक इंजिनाचे हल्लेखोर विमान १८ मार्च १९४५ रोजी प्रथम आकाशात झेपावले. दुसरे महायुद्ध काही महिन्यांतच संपले. पण १९५७ पर्यंत अशी तीन हजारांहून अधिक विमाने तयार झाली आणि चार खंडांतील देशांनी ती वापरली.

या दीर्घायुष्याचे कारण त्याच्या संथपणात होते. अठरा सिलिंडरचे राइट इंजिन आणि पंखांखाली व पोटाखाली मिळून पंधरा ठिकाणी शस्त्रे टांगण्याची सोय यांमुळे ते साडेतीन टनांच्या आसपास भार वाहून नेई. इंधन भराभर संपविणाऱ्या जेट विमानांना जे जमत नसे, ते रणभूमीवर तासन्‌तास घिरट्या घालण्याचे काम स्कायरेडर सहज करी.

अमेरिका : कोरियन युद्धात जुलै १९५० पासून अमेरिकी नौदलाने ते विमानवाहू नौकांवरून वापरले. १ मे १९५१ रोजी ह्वाचॉन धरणाचे दरवाजे फोडण्यासाठी त्याने चक्क पाणतीर सोडले. व्हिएतनाममध्ये २० जून १९६५ रोजी नौदलाच्या दोन स्कायरेडरनी मिग-१७ हे जेट पाडले. अमेरिकी हवाई दलाने शत्रूच्या प्रदेशात पडलेल्या वैमानिकांच्या सुटकेसाठी ते वापरले. १० मार्च १९६६ रोजी मेजर बर्नार्ड फिशर यांनी आ शाऊ येथील धावपट्टीवर गोळीबारातच विमान उतरवून सहकाऱ्याला उचलून आणले. त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

ब्रिटन आणि स्वीडन : ब्रिटिश नौदलाने १९५१ पासून पन्नास विमाने घेतली, ती बॉम्बफेकीसाठी नव्हे, तर पोटाखाली रडार बसवून टेहळणीसाठी. १९५६ च्या सुएझ मोहिमेतही ती होती. निवृत्तीनंतर त्यांतील काही स्वीडनमधील एका खासगी कंपनीने घेतली. पिवळा रंग दिलेली ही विमाने सैन्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढून नेत.

दक्षिण व्हिएतनाम : १९६० पासून या देशाला अमेरिकेने स्कायरेडर पुरविली. मात्र २७ फेब्रुवारी १९६२ रोजी याच हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह जिएम यांच्या सायगावमधील प्रासादावर बॉम्ब टाकले. जिएम बचावले. ८ जून १९७२ रोजी त्रांग बांग गावाजवळ दक्षिण व्हिएतनामच्याच स्कायरेडरने टाकलेल्या नेपामने नऊ वर्षांची किम फुक होरपळली. रस्त्यावरून धावणाऱ्या त्या मुलीचे छायाचित्र जगभर पोहोचले. ते टाकणारे विमान कोणते, हे फारच थोड्यांच्या ध्यानात राहिले. १९७५ मध्ये सायगाव पडले, तेव्हा उरलेली काही विमाने विजेत्यांच्या हाती लागली, तर काही वैमानिकांनी आपली विमाने थायलंडला नेली.

फ्रान्स आणि त्याच्या मित्र राजवटी : अल्जीरियातील बंडखोरांविरुद्ध लढण्यासाठी फ्रान्सने अमेरिकी नौदलाची जुनी विमाने घेतली. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर ती जिबूती, मादागास्कर व चाड येथे फ्रेंच तळांवर गेली. अमेरिकेची मदत १९६३ मध्ये नाकारणाऱ्या कंबोडियाला फ्रान्सने साठच्या दशकात दिली, ती हीच अमेरिकी बनावटीची विमाने! पुढे सत्तरच्या दशकात गॅबन आणि चाड या देशांनाही ती मिळाली. गॅबनमध्ये ती राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलाकडे होती. ज्यांना परक्या देशाशी लढायचे नव्हते, अशा राजवटींना घरचे बंड मोडण्यासाठी हे स्वस्त आणि दणकट विमान पुरेसे होते.

आज कोणतेही सैन्य स्कायरेडर वापरत नाही. हवाई प्रदर्शनांत मात्र ती अजून उडतात. त्यांपैकी काही विमाने गॅबनमधून युरोपात परत आणलेली आहेत.