प्रवासात हवी, प्रवासानंतर नको : सागरी प्रवासातील 'आया'

१/१२
तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी निघायचे म्हटले की घरात आठवडाभर आधीपासून याद्या होऊ लागतात : झबली, लंगोट, दुधाची पावडर, औषधे, घडीची बाबागाडी. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून विलायतेला निघणाऱ्या इंग्रज कुटुंबाचीही अशीच यादी असे. मात्र तिच्यातील एक नोंद कोणत्याही पेटीत मावणारी नव्हती. ती नोंद म्हणजे 'आया'. हा धागा तिच्याविषयी.

२/१२
प्रथम प्रवासाचे स्वरूप. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला चार ते सहा महिने लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटीने हाच प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. साहजिकच स्त्रिया व लहान मुले यांची ये-जा वाढली. हिंदुस्थानची हवा गोऱ्या मुलांना मानवत नाही, ही समजूत तेव्हा दृढ होती. पतीची दीर्घ रजा, बाळंतपण, आजारपण, मुलांचे शिक्षण अशी निघण्याची कारणे असत.

३/१२
बांधाबांध मोठी असे. तांबड्या समुद्राच्या उकाड्यासाठी मलमल आणि इंग्लंडच्या थंडीसाठी फलाटीण, दोन्ही एकाच पेटीत लागत. कापडी लंगोट डझनांच्या हिशेबाने घ्यावे लागत. खरी अडचण दुधाची होती. शिडाच्या जहाजांवर त्यासाठी शेळ्या, कधी गाईही नेत. १८५६ मध्ये अमेरिकेत गेल बोर्डेनला आटवलेल्या दुधाचे पेटंट मिळाले, १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्लेने बाळांसाठी दूध व पिठाचे तयार अन्न आणले. डब्यातील दुधाने बाळाचा प्रवास पुष्कळ सुकर केला.

४/१२
सामानावर चिकटवायच्या चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असत. 'वाँटेड ऑन व्हॉयेज' म्हणजे प्रवासात हवे, आणि 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज' म्हणजे प्रवासात नको. पहिल्या प्रकारचे सामान हाताशी राही, दुसरे जहाजाच्या पोटात जाई आणि मुक्काम आल्यावरच बाहेर निघे. आयाची गत या दुसऱ्या पेटीच्या नेमकी उलट होती. ती प्रवासात हवी असे, मुक्काम आल्यावर नको.

५/१२
प्रवासात ती का हवी असे? बोट हलू लागली की मडमसाहेब बहुधा अंथरूण धरीत. बाळाला पाजणे, निजवणे, लंगोट धुणे, मोठ्या मुलांवर लक्ष ठेवणे, आजारी मालकिणीची शुश्रूषा करणे आणि सामान सांभाळणे ही सारी कामे आयाकडे येत. समुद्र न लागणारी बाई हवी, हीच या नोकरीची पहिली अट होती. अनुभवी 'प्रवासी आया' त्या कसोटीला उतरत.

६/१२
'आया' हा शब्द पोर्तुगीज 'आइया'वरून आला. मुंबईच्या इंग्रज घरांत ख्रिस्ती आयाही असत. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने आत्मचरित्रात आपल्या रोमन कॅथलिक आयाची आणि वाटेवरच्या क्रुसापाशी ती करीत असलेल्या प्रार्थनेची आठवण नोंदवली आहे. काही स्त्रियांनी तर सागरी प्रवास हाच आपला व्यवसाय केला. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, श्रीमती अँथनी परेरा या आयाने हिंदुस्थान व इंग्लंड यांदरम्यान ५४ खेपा केल्या होत्या. तिला सरसकट 'बिचारी' म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती आपल्या कामात वाकबगार होती.

७/१२
परंतु असे नाव हाती लागणे हा अपवाद. त्या काळच्या प्रवाशांच्या याद्यांत नोंद आढळते ती 'श्रीमती अमुक, तान्हे मूल व आया' अशी. बाळाचे नाव पुढे बाप्तिस्म्याच्या, शाळेच्या, लग्नाच्या नोंदीत सापडते. आयाचे नाव बहुधा कोठेच सापडत नाही.

८/१२
खरा प्रश्न इंग्लंडच्या धक्क्यावर उतरल्यानंतरचा. तेथे कुटुंबाला तिची गरज उरत नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदी नोकर विलायतेस नेणाऱ्याकडून परतीच्या खर्चाची हमी घेतली जाई. पुढील काळातही अनेक मालक परतीचे तिकीट काढून देत, पण सगळेच नाही. मग परक्या शहरात, परक्या भाषेत, ती आया हिंदुस्थानला निघालेले दुसरे कुटुंब शोधू लागे. अशा आयांच्या जाहिराती तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रांत आढळतात.

९/१२
१९०८ मध्ये मुंबईहून नेलेल्या एका आयाला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर, हातात एक पौंड ठेवून, सोडून देण्यात आले. प्रकरण इंडिया ऑफिसपर्यंत गेले. ब्रिटनमध्ये अडकून पडलेल्या वसाहतींतील व हिंदी प्रजाजनांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९१० मध्ये आला.

१०/१२
अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' होते. पूर्वी ते ऑल्डगेट भागात होते. १९०० मध्ये 'लंडन सिटी मिशन' या ख्रिस्ती संस्थेच्या देखरेखीखाली ते हॅकनीतील २६, किंग एडवर्ड्स रोड येथे आले. सुमारे ३० खोल्यांच्या या घरात हिंदुस्थानच्या आया राहत, तशा चिनी 'अम्हा'ही राहत. त्याची व्यवस्था मोठी व्यवहारी होती. आयाला आणणारे कुटुंब तिचे परतीचे तिकीट होमच्या स्वाधीन करी. पूर्वेकडे निघालेल्या कुटुंबाला आया हवी असेल, तर ते होमकडे येई आणि त्या तिकिटाचे पैसे भरून तिला सोबत नेई. त्या पैशांतून आयाचा तेथील राहण्याचा खर्च भागे.

११/१२
याचा अर्थ असा की, घरी परतण्यासाठीही आयाला पुन्हा कोणाचे तरी मूल सांभाळावे लागे. प्रवासी म्हणून तिला स्वतःचे स्थान नव्हते. ती समुद्रावर असे ती कोणाच्या तरी बाळाच्या निमित्ताने, आणि ते निमित्त नसे तेव्हा होमच्या खोलीत वाट पाहत बसे. साम्राज्याच्या इतिहासात गव्हर्नर, सैन्य आणि कायदे यांविषयी विपुल वाचायला मिळते. त्या साम्राज्याची कुटुंबे समुद्रापलीकडे नेणारे हात मात्र अलीकडेपर्यंत फारसे कोणी मोजले नव्हते.

१२/१२
जून २०२२ मध्ये हॅकनीतील त्या घरावर 'इंग्लिश हेरिटेज'ने निळा स्मृतिफलक बसवला. त्यावर एकाही आयाचे व्यक्तिनाव नाही, तेथे राहिलेल्या साऱ्याच आयांचा आणि अम्हांचा तो फलक आहे. मराठीत 'आया' हे 'आई'चे अनेकवचनही आहे. त्या स्त्रियांपैकी कित्येकींची स्वतःची मुले इकडे, आजी-मावशीच्या भरवशावर, मागे राहिली असतील. त्यांची नोंद प्रवाशांच्या कोणत्याच यादीत होण्याचे कारण नव्हते.

(समाप्त)